अटकेतील लोकप्रतिनिधी आणि मतदाराचा हक्क : एक चिकित्सा

निवडून आलेला लोकप्रतिनिधी अटकेत गेला की आपल्याकडे सारी चर्चा त्याच्याभोवती फिरते. समर्थक सूडाचे राजकारण म्हणतात, विरोधक कायदा सर्वांना सारखा असल्याचे सांगतात आणि न्यायालयापुढे प्रश्न जातो तो त्या व्यक्तीला काही विशेषाधिकार आहे काय, एवढाच. ज्या मतदारांनी त्याला सभागृहात पाठविले त्यांचे काय, हा प्रश्न आपल्या न्यायनिर्णयांत क्वचितच आढळतो. ही उणीव हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पांढुर्णा आणि सौंसर येथील वाचकांना हा विषय परका नाही. नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याच्या अलीकडे काटोल-नरखेड आणि पलीकडे मुलताई. १९५६ पूर्वी हा सारा मुलूख एकाच प्रांतात होता. भाषा आणि संत्र्याचे बगीचे आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहेत. मुलताईत जानेवारी १९९८ मध्ये शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला, आंदोलनाचे नेते डॉ. सुनीलम यांच्यावर खटले भरले गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील मतदारांनी त्यांनाच आमदार केले. पुढे २०१२ मध्ये, ते आमदार नसताना, त्यांना जन्मठेप सुनावण्यात आली व मानवी हक्क संघटनांनी त्यावर आक्षेप घेतले. काटोलचे आमदार अनिल देशमुख यांना सक्तवसुली संचालनालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अटक केली. २८ डिसेंबर २०२२ रोजी ते जामिनावर बाहेर आले. त्यांच्यावरील आरोपांचा खरेखोटेपणा ठरविणे हे न्यायालयाचे काम. परंतु त्या जवळजवळ चौदा महिन्यांत हिवाळी, अर्थसंकल्पी आणि पावसाळी ही तिन्ही अधिवेशने काटोल-नरखेडच्या प्रतिनिधीविना पार पडली, ही वस्तुस्थिती आरोपांच्या निकालावर अवलंबून नाही.

याविषयीचा आधारभूत निर्णय १९६५ चा, आनंदन नंबियार प्रकरणातील. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलेल्या दोन खासदारांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला की, कायदेशीररीत्या स्थानबद्ध केलेल्या सदस्याला अधिवेशनास उपस्थित राहण्याचा हक्क सांगता येणार नाही; या बाबतीत त्याची स्थिती सामान्य नागरिकाहून वेगळी नाही. निकालाची मांडणी तर्कशुद्ध आहे आणि विशेषाधिकाराच्या अंगाने पाहिले तर योग्यही आहे. दोष आहे तो प्रश्नाच्या मांडणीत. सदस्याचे उपस्थित राहणे म्हणजे त्याची वैयक्तिक सवलत, असे एकदा गृहीत धरले की मतदार हा त्या खटल्यातला पक्षकारच उरत नाही. राज्यघटना मात्र असे मानत नाही. सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहणाऱ्या आमदाराची जागा रिक्त घोषित करता येते, असे अनुच्छेद १९० सांगतो. गैरहजेरी ही केवळ आमदाराची खासगी बाब असती तर या तरतुदीची गरज काय होती?

मधू लिमये यांचे उदाहरण येथे अधिक बोलके आहे. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधील लखीसराय स्थानकावर त्यांना अटक झाली. ते तेव्हा खासदार होते. पण सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातून पत्र लिहिताना त्यांनी आधार घेतला तो अनुच्छेद २२ चा, म्हणजे अटकेची कारणे जाणून घेण्याच्या प्रत्येक नागरिकाच्या हक्काचा. कारणे सांगितली गेली नव्हती म्हणून १८ डिसेंबरला न्यायालयाने त्यांच्या सुटकेचा आदेश दिला. नागरिक म्हणून मिळालेले हे संरक्षण आणीबाणीत टिकले नाही. जबलपूर खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना न्यायालयाचे दारच बंद केले; न्या. एच. आर. खन्ना एकटे वेगळे राहिले. तो निकाल चुकीचा होता हे २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात मान्य झाले. लिमये त्या काळात मिसाखाली मध्य प्रदेशातील तुरुंगांत होते. लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपल्यावर सरकारने ती वाढविली, तेव्हा त्यांनी आणि जबलपूरचे खासदार शरद यादव यांनी तुरुंगातूनच राजीनामे दिले. मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेला अधिकार सहाव्या वर्षी वापरण्याचा हक्क आपल्याला नाही, हा त्यामागचा विचार. प्रतिनिधित्व हे मतदाराचे असते, ही गोष्ट न्यायालयापेक्षा कोठडीतल्या दोन खासदारांना अधिक स्पष्ट दिसली.

अलीकडच्या काळातील गोंधळ जून २०२२ मध्ये सर्वांसमोर आला. देशमुख आणि अणुशक्तीनगरचे आमदार नवाब मलिक या दोघांना १० जूनच्या राज्यसभा व २० जूनच्या विधान परिषद निवडणुकीत मतदान करू दिले गेले नाही. मात्र २९ जूनला सर्वोच्च न्यायालयाने याच दोघांना दुसऱ्या दिवशीच्या बहुमत चाचणीसाठी बंदोबस्तात विधानसभेत जाण्याची परवानगी दिली. (मुख्यमंत्र्यांनी त्याच रात्री राजीनामा दिल्याने चाचणी झाली नाही, हा भाग वेगळा.) नऊ दिवसांत आरोप बदलले नव्हते, तुरुंगही तेच होते. फरक होता तो लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) चा : तुरुंगात असलेल्या व्यक्तीला निवडणुकीत मत देता येत नाही, सभागृहातील मतदानाला मात्र हे कलम लागू नाही. छगन भुजबळ यांना कोठडीत असताना जुलै २०१७ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मत देऊ दिले गेले होते, हेही येथे आठवावे. बंदोबस्ताची अडचण हे कारण म्हणून पुढे केले जाते. ही दोन उदाहरणे पाहता ते टिकत नाही.

कलम ६२(५) स्वतःच विसंगतीने भरलेले आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्तीला त्यातून सूट आहे. म्हणजे खटल्याविना डांबलेला माणूस मत देऊ शकतो, खटल्याची वाट पाहणारा कच्चा कैदी देऊ शकत नाही. एकाच गुन्ह्यातील दोन आरोपींपैकी ज्याला जामीनदार मिळाला तो मत देतो, ज्याला मिळाला नाही तो देत नाही. २०१३ च्या दुरुस्तीनंतर तुरुंगातील व्यक्ती निवडणूक लढवू शकते, जिंकूही शकते, पण स्वतःला मत देऊ शकत नाही. १९९७ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने हे कलम वैध ठरविताना, कैदी स्वतःच्या वर्तनामुळे तुरुंगात आहे, असेही एक कारण दिले. शिक्षा झालेल्याबाबत ते समजण्यासारखे आहे. कच्च्या कैद्याबाबत ते निर्दोषत्वाच्या गृहीतकाला सरळ छेद देते. पुढे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या न्यायमूर्तींकडून हा फरक सुटावा, याचे आश्चर्य वाटते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गरीब कैदी वर्षानुवर्षे खितपत पडलेला असताना आमदाराचीच काळजी का? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. या आक्षेपाचे उत्तर आमदाराला वेगळी सवलत देणे हे नव्हे. कच्च्या कैद्याचे मतच काढून घेऊ नये, हे आहे. आमदाराच्या बाबतीत त्यापुढचा प्रश्न उरतो, कारण त्याच्या मताबरोबर इतरांचेही मत अडकलेले असते.

हा प्रश्न कसा विचारावा याचा नमुना युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या २२ डिसेंबर २०२० च्या निकालात मिळतो. तुर्कस्तानातील खासदार सेलाहत्तिन देमिरताश नोव्हेंबर २०१६ पासून कोठडीत होते. खासदाराला अटक होऊच शकत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले नाही. मतदारांच्या मुक्त अभिव्यक्तीवर कोठडीचा काय परिणाम होतो आणि सौम्य उपाय पुरेसा ठरला असता काय, हे तोलणे तेथील न्यायालयांचे कर्तव्य होते, ते त्यांनी केले नाही, म्हणून मुक्त निवडणुकीच्या हक्काचा भंग झाला, असा तो निष्कर्ष आहे. जामिनाच्या अर्जावर आपल्या न्यायालयांनाही हे तोलणे अशक्य नाही.

मतदारांनी सारे ठाऊक असूनही एखाद्याला निवडले असेल तर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. छिंदवाडा जिल्ह्याला याचा जुना दाखला आहे. मौलाना मोहम्मद अली छिंदवाड्यात नजरकैदेत असतानाच मुस्लीम लीगच्या १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष निवडले गेले. ते जाऊ शकले नाहीत, त्यांच्या मातोश्री बी अम्मा गेल्या. ती विधिमंडळाची निवडणूक नव्हती, पण निवडणाऱ्यांची भूमिका स्पष्ट होती. २०२४ मध्ये बारामुल्लाच्या मतदारांनी तिहार तुरुंगातील अभियंता रशीद यांना दोन लाखांहून अधिक मताधिक्याने लोकसभेवर पाठविले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पोलीस पहाऱ्यात संसदेत जाण्याची परवानगी दिली. ती अर्थसंकल्पी अधिवेशनातील दोन दिवसांची होती.