उरलेली पानं दोनदा

होल्डेम पोकरवरचे दोन गाजलेले सिनेमे घ्या: 'राउंडर्स' (1998) आणि 'कसिनो रोयाल' (2006). दोन्हींत शेवटचा मोठा सट्टा लागतो तेव्हा टेबलावरची पाचही पानं उघडी झालेली असतात. यायचं असं काही उरलेलं नसतं. उरतात ते समोरासमोरचे दोन चेहरे, आणि कॅमेऱ्याला तेच हवे असतात. पान यायचं बाकी असताना सगळे पैसे मध्ये गेले, तर पुढचं काम नशिबाचं. आणि नशिबाला अभिनय येत नाही, हे पटकथा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे.

घरच्या टेबलावर अनेकदा नेमकं तेच होतं. तीन किंवा चार पानं उघडी असतानाच दोघेजण सगळं सरकवून मोकळे होतात. मग कुणीतरी म्हणतं, "दोनदा काढूया?" म्हणजे उरलेली पानं एकदा वाटायची, त्यावर निम्मी रक्कम, मग त्याच कॅटमधून पुढची पानं पुन्हा वाटायची, त्यावर उरलेली निम्मी. इंग्रजी खेळाडू याला 'रन इट ट्वाइस' म्हणतात. 2006 साली सुरू झालेल्या 'हाय स्टेक्स पोकर' या टीव्ही कार्यक्रमात मोठमोठे खेळाडू हे करताना दिसू लागले. तीन पत्तीत हा प्रश्न येतच नाही, कारण तिथे पानं सुरुवातीलाच वाटून होतात. नंतर चालते ती फक्त बोली. त्यामुळे दिवाळीत तीन पत्ती खेळून तयार झालेल्या माणसाला 'दोनदा' हे ऐकताच पळपुटेपणा वाटतो. डाव म्हणजे डाव, एकदाच.

हा आक्षेप आधी हिशेबाला लावून पाहू. तुमच्या हातात बदामाचे एक्का-राजा. टेबलावर बदाम सत्ती, बदाम अठ्ठी, इस्पिक नव्वी, किलवर तिर्री. समोरच्याकडे चौकट दश्शी आणि किलवर गुलाम. त्याची सात ते गुलाम अशी रांग लागलेली आहे. मध्ये 4,000 रुपये. न दिसलेली पानं 44, त्यांतले 9 बदाम तुम्हाला जिंकून देणारे. एकदाच पान काढलं तर शंभरात साधारण 80 वेळा तुम्ही सगळं घालवणार. दोनदा काढलं तर सगळं घालवण्याची वेळ 63 वर येते, 33 वेळा निम्मे पैसे परत मिळतात आणि दोन्ही वेळा जिंकण्याची शक्यता शंभरात चारही नाही. सरासरी हिस्सा मात्र दोन्हीकडे तोच, 818 रुपये. दोनदा काढल्याने कुणाचा फायदा होत नाही की कुणाचं नुकसान. फक्त झोके लहान होतात.

तरी मन मानत नाही, कारण आपल्या डोक्यातला जुगार गोष्टींमधून आलेला आहे. सभापर्वात द्यूत दोनदा होतं खरं. पण पहिल्या द्यूतात गेलेलं सगळं धृतराष्ट्र द्रौपदीला वर देऊन परत करतो, आणि मग अनुद्यूताचा एकच डाव पांडवांना तेरा वर्षांसाठी बाहेर काढतो. पहिला निकाल पुसला जातो, दुसरा उरतो. नळाचंही तसंच: पुष्कराकडून हरलेला नळ ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून येतो, पुन्हा खेळतो आणि सगळं जिंकतो. कथेला दुसरा डाव चालतो, पण त्याने पहिल्याला खोडून काढलं तर. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे, दोघेही निम्मे जिंकलेले, असा शेवट कुठल्या व्यासाला चालेल?

कुपवाडात बसून हे लिहिताना हरिपूर आठवणं साहजिक आहे. गोविंद बल्लाळ देवल तिथले, आणि शूद्रकाचं मृच्छकटिक त्यांनी मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्ण हरलेला संवाहक जुगारअड्ड्यातून पळतो आणि देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. फाशांचा आवाज झाला की त्याला राहवत नाही. शेवटी तो वसंतसेनेच्या घरात शिरतो आणि ती आपलं कंकण देऊन त्याचं देणं फेडते. फेडताना निरोप देते, की हे संवाहकानेच पाठवलं आहे. त्याच्यावर मागण्याची वेळ ती येऊ देत नाही. जुगारावरच्या लेखनात याहून नेमकी जागा मला माहीत नाही.

कारण दोनदा पानं काढण्यातली खरी अडचण मागण्यातच आहे. इथल्या एमआयडीसीत काम देणारा, ते जॉबवर्कवर करून देणारा आणि त्याला उधारीवर माल पुरवणारा एकाच टेबलाशी बसले आहेत असं समजा. एकाला 4,000 म्हणजे एका रात्रीचं जेवण, दुसऱ्याला दुचाकीचा हप्ता. "दोनदा काढूया का?" हे बहुधा दुसराच विचारणार. विचारलं की त्याचा खिसा सगळ्यांना दिसला. पहिल्याने "असू दे रे, काढ" म्हटलं तर गणिताने त्याचं काहीच जात नाही, पण उपकार मात्र जमा होतो. नाही म्हटलं तर ते हत्यार होतं: हा कधीच दोनदा काढू देत नाही हे कळलं, की अर्ध्या तयार हातावर कमी पैसेवाला आधीच पानं टाकून देतो. दोनदा काढण्याविरुद्धचा प्रामाणिक युक्तिवाद हाच आहे, दबावाची धार बोथट होते हा. 'मजा जाते' हा नव्हे. सगळे पैसे मध्ये गेले तेव्हाच कौशल्याचा भाग संपला. पुढे आपण फक्त कॅटकडे बघत असतो.

ॲपवर ही सोय आधीच टिक करून ठेवता यायची. कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि ती टिक गेली. घरी तिची जागा एकाच गोष्टीने भरते: पहिलं पान वाटण्याआधी सगळ्यांनी ठरवणं, की आज दोघेच उरले तर नेहमी दोनदा, किंवा आज कधीच नाही. नंतर विचारायचं नाही, नंतर द्यायचं नाही. रक्कम निम्मी होत नसेल तर उरलेली एक चिप कुणाची, तेही तेव्हाच बोलून घ्यावं. रात्री दोन वाजता पन्नासच्या एका चिपेवरून जेवढा आवाज चढतो, तेवढा चार हजारांवरून चढत नाही.