मालिकेतील संवाद: भाषा आणि लेखनाची परिस्थिती

मराठी दूरचित्रवाणी-मालिकांच्या भाषेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात बहुधा दोनच सूर आढळतात. ही भाषा कृत्रिम आहे हा एक. आणि तिच्यामुळे मराठी बिघडत चालली आहे हा दुसरा. दुसऱ्याचा विचार येथे करावयाचा नाही. ती तक्रार प्रत्येक पिढी करीत आली आहे. पहिला आक्षेप मात्र खरा आहे, आणि खरा आहे म्हणूनच त्याची कारणमीमांसा व्हावयास हवी. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, मालिकेतील संवादाची जी लक्षणे आपण लेखकाच्या अभिरुचीच्या खाती मांडतो, त्यांतील बरीचशी त्याच्या कामाच्या दिवसाच्या खाती मांडली पाहिजेत.

हा दिवस कसा असतो ते थोडक्यात सांगितले पाहिजे. दैनंदिन मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांसाठी बहुधा निरनिराळी नावे असतात. कथानक पुढे कोठे जाणार हे वाहिनी आणि निर्माते यांच्या बैठकीत ठरते; त्यातून 'वनलाइन' नावाचा आराखडा निघतो; पटकथाकार त्याचे प्रसंग पाडतो; आणि हे प्रसंग संवादलेखकाच्या हाती पडतात तेव्हा चित्रीकरण पुष्कळदा दुसऱ्या दिवसावर आलेले असते. जाहिराती वगळता वीस-बावीस मिनिटांचा भाग, आणि असे आठवड्याला पाच-सहा भाग. तयार भागांच्या साठ्याला या व्यवसायात 'बँक' म्हणतात. ती भरलेली क्वचितच असते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि आवश्यक वाटल्यास कथेचा 'ट्रॅक' वळविला जातो. 'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 पासून 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले तेव्हा अनेक मालिकांचे संच गोव्यास गेले, आणि मे महिन्यात तेथेही परवानग्या रद्द झाल्या. पात्रांनी घर का सोडले याचे कारण अशा वेळी लेखकालाच रातोरात शोधावे लागते.

हप्त्याहप्त्याने लिहिणे मराठीस नवे नाही, असे कोणी म्हणेल. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या 1890 मध्ये निघालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशःच प्रसिद्ध झाल्या; त्यांतील पाल्हाळ टीकाकारांनी दाखविलाच आहे, आणि काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. परंतु 'करमणूक'चे संपादक स्वतः हरिभाऊच होते. कादंबरी अपुरी सोडण्याची मुभा त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. मालिकेच्या लेखकास ती नाही. त्याला काढता येते, त्याला थांबता येत नाही.

आता भाषेकडे वळू. मालिकेतील पात्रे एकमेकांना फार वेळा हाक मारतात. समोरासमोर बसलेली मायलेकी तीन वाक्यांत चार वेळा 'आई' आणि 'बाळा' म्हणतील. बोलीत संबोधनाचे काम लक्ष वेधण्याचे, आर्जवाचे किंवा रागाचे असते. ज्याचे लक्ष आधीच आपल्याकडे आहे त्यास आपण सहसा हाक मारीत नाही. मालिकेत हे काम बदलले आहे. तेथील संबोधन समोरच्या पात्रासाठी नसून मध्येच येऊन बसलेल्या प्रेक्षकासाठी आहे: ही हिची आई आहे, एवढे त्यास कळावे. 'काल तू सगळ्यांसमोर जे बोललीस ना' अशा वाक्यारंभाचेही तसेच. पुष्कळ घरांत मालिका पाहिली जाते त्याहून अधिक ऐकली जाते; ऐकणारी स्त्री ओट्यापाशी उभी असते, आणि लेखक तिच्यासाठी लिहीत असतो. तिसरे लक्षण अर्धवट वाक्याचे. 'म्हणजे तू...' इतके म्हणून पात्र थांबते आणि कॅमेरा पाच चेहऱ्यांवरून फिरतो. या पाच चेहऱ्यांनी भागाची जी अर्धी मिनिट भरून निघते ती लेखकाने लिहिलेली नसते. पण तिच्यासाठी वाक्य तोडून ठेवणे हे त्याच्या कामात धरलेले असते. वाक्यरचनेचा असा हेतुपूर्वक केलेला भंग हा अभ्यासाचा विषय आहे, हसण्याचा नव्हे.

बोलींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 2016 नंतर ग्रामीण पार्श्वभूमीच्या मालिका वाढल्या. त्यांतील पुष्कळांत बोली म्हणजे काय, तर 'हाय', 'न्हाय', 'व्हतं' अशी पाच-दहा रूपे, आणि बाकी सारी पुस्तकी वाक्यरचना. नट बोलीभाषक नसतो, त्यास शिकविण्यास वेळ नसतो, आणि भाग नागपुरापासून सावंतवाडीपर्यंत सर्वांस समजावा लागतो. तेव्हा हे अपरिहार्य वाटते. 'तुझ्यात जीव रंगला'मधील 'चालतंय की' घ्या. कोल्हापूरकडील वाक्यान्ती येणारा 'की' होकारास एक मोकळा आपलेपणा देतो. मालिकेने तो उचलला हे योग्यच झाले. पण तोच उद्गार पुनःपुन्हा योजल्यावर 'की'चे व्याकरण संपले आणि ते पात्राचे लेबल झाले.

तथापि सगळा दोष वेळापत्रकावर लोटणे हाही आळसच होईल. 'रात्रीस खेळ चाले' याच यंत्रणेत निर्माण झाली, आणि तिच्यातील मालवणी केवळ 'खंय' आणि 'कित्याक' यांवर उभी नाही. हेल, तिरकसपणा, वाक्य मध्येच सोडून देण्याची कोकणी रीत, हे सर्व तिच्यात उतरले आहे. लेखनात सहभागी असलेले प्रल्हाद कुडतरकर तीत पांडूची भूमिकाही करीत होते. लिहिणारा आणि बोलणारा एकच असला म्हणजे वाक्य कोठे अडखळते ते चित्रीकरणाच्या जागीच कळते. 'लागिरं झालं जी'चे लेखक तेजपाल वाघ यांच्या संवादांतही साताऱ्याकडील बोली कानास खोटी लागत नाही.

यूट्यूबवरील लेखनात हे ऐक्य सहज साधते. तेथे लिहिणाराच बहुधा नट असतो, कधी संकलकही असतो. भाडिपाच्या आई-मुलाच्या संवादांत माणसे एकमेकांची वाक्ये तोडतात, निम्मे इंग्रजी बोलतात आणि हाक मारीत नाहीत. ही बोली खरी आहे; मात्र ती पुण्या-मुंबईच्या एका थरापुरतीच खरी आहे, हे तिचे चाहते विसरतात. या लेखकाचे पोट कशावर चालते, तर पुष्कळदा जाहिरातदाराच्या एका वाक्यावर, आणि ते वाक्य त्यास त्याच संवादात बसवून द्यावे लागते.

1957 चा कॉपीराइट कायदा पटकथा-संवादांस साहित्यकृती मानतो, आणि 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरील वापरात लेखकाचा स्वामित्वधनाचा समान वाटा अबाधित ठेवला. अमेरिकेत 2 मे ते 27 सप्टेंबर 2023 या काळात पटकथालेखकांनी 148 दिवस संप केला. यंत्राने लिहिलेल्या मजकुराचा प्रश्नही त्यात होता. म्हणजे कायदा आणि बाजार हे दोन्ही या मजकुरास कोणाची तरी कृती समजतात. आपल्या अभ्यासमंडळांची समजूत निराळी आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थिनीने मालिकांतील संबोधनांवर प्रबंधाचा विषय मांडला, तेव्हा 'हे साहित्य नव्हे आणि ही बोलीही नव्हे' अशा शेऱ्यासह तो परत आला. दुसरा अर्धा शेरा खरा आहे. संशोधन करावयाचे ते त्यासाठीच.

ती मुलगी आता एका मालिकेचे संवाद लिहिते. तिच्याकडे मी मूळ संहिता मागितल्या, कारण छापील वाक्य आणि प्रत्यक्ष बोललेले वाक्य यांत फरक किती पडतो ते पाहावयाचे होते. पहिल्या वर्षाच्या संहिता तिच्यापाशी नाहीत. त्या भ्रमणध्वनीवर पाठविल्या जात, आणि जागा भरली की ती पुसून टाकी. उरलेल्यांतील चाळीस भाग तिने पाठविले आहेत. प्रत्येक प्रसंगाच्या माथ्यावर तो पाठविल्याची वेळ आहे. ती बहुतेक पहाटे तीन ते पाच यांमधली आहे. संबोधनांची मोजणी विभागात सुरू झाली आहे.