वर्गीकरणशास्त्रांतील उल्लेखगणना : एक परीक्षण

ग्रंथालयीन वर्गीकरणपद्धतींवर जें संशोधनपर वाङ्मय झालें आहे, त्यांत कोणत्या ग्रंथाचा उल्लेख किती वेळां आला हें मोजून त्याचें महत्त्व ठरविण्याची रीत आतां रूढ झाली आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांजवळ पोथीसंग्रह असून त्यांच्या याद्या होत आहेत. म्हणून या रीतीचें बलाबल पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

उल्लेख हें साधन आपणांस नवें नाहीं. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु इ. स. १६१२ मधील; तेव्हां त्यांत ज्याचें वचन आलें तो ग्रंथ, वचन प्रक्षिप्त नसल्यास, त्यापूर्वींचा हें उघड आहे. याच न्यायानें कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं अनेक ग्रंथांच्या कालमर्यादा बांधून दिल्या. परंतु कालनिर्णयास एक उल्लेख पुरतो. योग्यतानिर्णयास तो कोणत्या हेतूनें केला हें पाहावें लागतें. तरुणपणीं प्रस्तुत लेखकानें एका निबंधग्रंथांतील नांवें मोजून, ज्याचें नांव सर्वांत अधिक तोच ग्रंथकाराचा मुख्य आधार, असें लिहिलें होतें. गुरुजींनीं पोथी पुढें ठेवून वाचावयास लावलें, तेव्हां बहुतेक स्थळें पूर्वपक्षाचीं निघालीं. खंडनासाठीं घेतलेलें नांव मीं प्रमाण म्हणून मोजलें होतें.

या गणनेचा मूळ हेतु मर्यादित होता. ग्रॉस व ग्रॉस यांनीं १९२७ मध्यें एका अमेरिकन रसायनविषयक नियतकालिकाच्या १९२६ सालच्या अंकांतील ३६३३ उल्लेख मोजले, ते महाविद्यालयीन ग्रंथालयांनीं कोणतीं नियतकालिकें घ्यावीं हें ठरविण्यापुरते. त्याहून जुनी १८७३ पासूनची शेपर्डची न्यायनिर्णयांची सूचि. तींत, पूर्वीचा निर्णय पुढें कायम झाला कीं फिरला, हें चिन्हांनीं दाखविण्याची पद्धत पडली. युजीन गारफील्ड यांनीं १९५५ मध्यें शास्त्रीय लेखांकरितां तशाच सूचीची योजना मांडली. मागाहून निघालेले आक्षेप वाचकास सांपडावे, हा तिचा एक उद्देश होता. नंतरच्या गणकांनीं संख्या तेवढी घेतली व चिन्ह टाकलें.

वर्गीकरणशास्त्रांत ही उणीव विशेष जाणवते. रंगनाथन यांची कोलन पद्धति १९३३ मध्यें प्रसिद्ध झाली. चौथी आवृत्ति १९५२ ची, सहावी १९६० ची, सातवी १९८७ ची. मूलभूत पांच पदार्थांची मांडणी चौथ्या आवृत्तींत आली. सर्व आवृत्त्या एक धरून मोजल्या तर लेखकास कोणतें मत अभिप्रेत होतें हें लोपतें. निरनिराळ्या धरल्या तर एकाच ग्रंथाचें श्रेय विखुरतें. शिवाय १९५५ मध्यें लंडनच्या वर्गीकरण-संशोधन मंडळानें रंगनाथन यांचें मुखविभागाचें तत्त्व पुरस्कारिलें. पुढें तें इतकें सर्वसाधारण झालें कीं, तें वापरतांना मूळ पुरुषाचें नांव घेण्याची गरज अनेकांस वाटत नाहीं. म्हणजे विचार जितका मुरला तितकी त्याची गणना घटते.

येथें आपला प्रत्यक्ष संबंध येतो. ड्यूईच्या १८७६ पासूनच्या पद्धतींत धर्माच्या विभागापैकीं २२० ते २८० हे अंक बायबल व ख्रिस्ती धर्म यांस दिलेले, आणि हिंदुधर्मास २९४.५ ही एक पोटशाखा. उल्लेख पुष्कळ म्हणून हीच पद्धति उत्तम मानून कोणी आपल्या पोथ्या लावूं लागला, तर श्रौतसूत्रें, पुराणें व स्तोत्रें एका अरुंद कपाटांत कोंबलीं जातील. ती पद्धति किती ठिकाणीं नांवानें आली हें तेथें उपयोगीं पडणार नाहीं. आपली पोथी तींत कोठें बसते हें पडेल.

म्हणून गणनेचा त्याग करावा असें आमचें म्हणणें नाहीं. शोध कोठून सुरू करावा हें ती दाखविते, व तेवढ्यापुरती ती उपकारक आहे. मात्र प्रत्येक उल्लेखापुढें स्वीकार, खंडन कीं केवळ नामनिर्देश, यांपैकीं एक शब्द लिहावा. काम वाढेल खरें. परंतु तेवढें वाचन झाल्यावांचून निर्णय देण्याचा अधिकार कोणासही नाहीं.