चाचणीत पास, शोधात नापास

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तासाभराचं प्रशिक्षण होतं, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी होते आणि अहवालात नोंद पडते : अध्ययन-निष्पत्ती साध्य. आमचा आक्षेप या 'साध्य'वर आहे.

गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या ग्रंथात 'अमुक माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांतला भेद मांडला. 'अँड' लावल्यावर शोध आकसतो, या पर्यायावर बरोबर खूण करणारा विद्यार्थी प्रबंध लिहायला बसला की पहिल्या पानावरचे चार लेख उचलतो. पोहण्याची लेखी परीक्षा घ्यावी, तसला हा प्रकार.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने २००० साली माहिती-साक्षरतेची पाच मानकं, बावीस निर्देशक ठरवले. मोजायला सोयीचे! २०१६ मध्ये ती मागे घेतली. आता सहा संकल्पनांची चौकट आहे, निष्पत्ती ज्याच्या त्याने ठरवाव्यात. मोजणाऱ्यांची पंचाईत झाली, पण पाऊल प्रामाणिक. आपल्याकडे नॅक रोज ग्रंथालयात किती जण येतात, हे विचारत आली. दारातली नोंदवही शिकणं कसं सांगणार?

मग पाहावं काय? संदर्भसूची. तिच्यातली एक नोंद घ्या, विद्यार्थ्याला समोर बसवा, विचारा : हा लेख कुठे सापडला? याच्यावर विश्वास का ठेवलास? कुठले सोडून दिलेस? दहा मिनिटांत कळतं. वेळ लागतो, खरंय. ग्रंथपाल बहुधा एकटा असतो. विषयाच्या शिक्षकाने त्याच्या शेजारी बसायला हवं, आणि तेच आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षं टाळलं.