जिथे नायकाला कुणी ओळखत नाही

‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’च्या पाच भागांपैकी आवडता कोणता, असं विचारलं तर मी चौथा म्हणते. ‘शॅडोज ऑफ डार्कनेस’, १९९३. बरेच जुने खेळाडूही हेच उत्तर देतात, पण ते ‘गूढ वातावरण’ एवढंच कारण देऊन थांबतात. मला तेवढं पुरत नाही.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: लॉरी आणि कोरी कोल या जोडप्याने १९८९ ते १९९८ या काळात सिएरासाठी हे पाच गेम रचले. त्यात अ‍ॅडव्हेंचर गेमसारखी कोडी आणि गप्पा आहेत, शिवाय रोल-प्लेइंग गेमसारखे आकडेही. तुम्ही योद्धा, जादूगार किंवा चोर व्हायचं. झाडावर पुन्हा पुन्हा चढलात की चढण्याचा आकडा वाढतो, दगड फेकत राहिलात की नेम सुधारतो. पैसे भरून लेव्हल ओलांडायची सोय नाही. आणि एक भाग संपला की तोच नायक, त्याच कमाईसकट, पुढच्या भागात नेता येतो.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. पहिल्या भागात जर्मन लोककथांसारख्या स्पीलबुर्गच्या खोऱ्यात एक नवशिका येतो आणि वीर म्हणून बाहेर पडतो. दुसऱ्या भागात, अरबी कथांच्या छायेतल्या शापीर शहरात, सुलतान त्याला मुलगा मानतो. बांधणीच्या बाबतीत पहिला भाग सर्वांत नेटका आहे: छोटा नकाशा आणि बऱ्याच कोड्यांना प्रत्येक वर्गाचं वेगळं उत्तर. कुणाचा तो आवडता असेल तर मी वाद घालणार नाही. तिसरा, आफ्रिकेच्या धर्तीवरचा, मुळात योजनेतच नव्हता. दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर उडी मोठी होईल म्हणून तो मध्ये आला, आणि ते जाणवतं. चोर म्हणून खेळलात तर तिथे तुम्हाला फारसं कामच नाही.

चौथ्यात नायक एका अंधाऱ्या गुहेत, जवळचं सगळं गमावून उठतो. बाहेर मोर्डाव्हिया, पूर्व युरोपातल्या भुताखेतांच्या गोष्टींमधला मुलूख. तिथे त्याच्या पदव्यांना कुणी विचारत नाही. गावकरी परक्याकडे संशयाने बघतात. आकडे सोबत आलेले असतात, मान आलेला नसतो. तो परत कमवायचा तर तलवार फारशी कामाची नाही. ऐकावं लागतं.

निकोलाय नावाचा म्हातारा हरवलेल्या बायकोला शोधत हिंडतो. ती कधीच मेली आहे, आणि तिचं भूत जंगलात त्याचीच वाट बघतंय. खाणावळीच्या मालकांची मुलगी तान्या नाहीशी झाली आहे. कुबडा इगोर बेपत्ता होतो तेव्हा गाव पुराव्याशिवाय एका जिप्सीला कोंडतं. खरं तर इगोर स्मशानात अडकलेला असतो, जिवंत. इथल्या बहुतेक कोड्यांचं उत्तर एकच प्रश्न विचारून सापडतं: हा माणूस कशाने दुखावलाय?

खलनायिकेलाही हाच नियम लागू आहे. कत्रीना व्हॅम्पायर आहे. ती नायकाला वापरते, आणि तिनेच एकटेपणापायी तान्याला आपल्यासारखं केलंय. पण रात्रीच्या तिच्या भेटीगाठींत गेम तिला राक्षस ठरवायची घाई करत नाही. शेवटी ती नायकाच्या बाजूने उभी राहते आणि मरते. आणि शेवटच्या लढाईत कामी काय येतं? एक विनोद. शत्रू हसतो, तेवढ्यात डाव साधायचा.

दोष आहेत. पहिली आवृत्ती चुकांनी भरलेली होती, मध्येच बंद पडायची. बाजूने दिसणारी नवी लढाई कंटाळवाणी आहे. १९९४च्या सीडी आवृत्तीत जॉन ऱ्हीस-डेव्हिस यांचं निवेदन आलं, त्याने पुष्कळ भरपाई झाली.

पण माझं मत पक्कं केलं ते पाचव्या भागाने. तिथे राजा होण्याची स्पर्धा आहे, लग्न आहे, आणि पाताळातून कत्रीना किंवा एराना यांपैकी एकीला परत आणण्याची मुभा आहे. म्हणजे चौथ्या भागाने जे कायमचं हिरावलं होतं, ते इथे बक्षिसांच्या यादीत येतं. खेळायला मजा येते, पण मग मोर्डाव्हियातल्या त्या मरणाची किंमत काय राहिली? निकोलाय आणि अ‍ॅनाला गेम परत जिवंत करत नाही, फक्त एकत्र आणतो. मला तो शेवट जास्त खरा वाटतो.

पहिले चार भाग आज स्कमव्हीएममुळे फोनवरही चालतात. फक्त चौथ्यापासून सुरुवात करू नका. आधी स्पीलबुर्गचे वीर व्हा, शापीरचे राजपुत्र व्हा. मगच मोर्डाव्हियाच्या वेशीवर ‘तू कोण?’ या प्रश्नाला धार येते.