एसटीतला तास कोणत्या खात्यात?

गॅरी बेकरचा वेळेच्या वाटपावरचा 1965 चा निबंध संशोधनाला लागण्याआधी वाचाच. वेळेची किंमत बुडालेल्या कमाईतून मोजायची, ही त्याची मांडणी भक्कम आहे. पण डोंगरकड्याहून नांदेडला जाताना मी तेच गणित केलं आणि अडकलो. मला पगारच नाही. मग मिळू शकला असता तो धरा म्हणतात. कोणता? केळीच्या बागेतला रोज की मास्तरचा पगार? शिवाय खिडकीशी बसून दोन पानं वाचली, तर तो प्रवास की अभ्यास? उभ्याने गेलो तर नुसतेच पाय दुखतात! आपल्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात अर्ध्या तासाच्या खान्यात एकाहून जास्त कामं नोंदवता येत होती. प्रश्नावली करताना हे बघून घ्या.