उन्हासाठी टाचलेली काच

मानोरा तालुक्यातली काचेची कला कुठल्या भट्टीत नाही, ती तांड्यावरच्या बाईच्या सुईत आहे. रामनवमीला याच तालुक्यातल्या पोहरादेवीच्या यात्रेत, संत सेवालाल महाराजांच्या समाधीकडे निघालेल्या वयस्क बंजारा बायांच्या अंगावर ती अजून दिसते. फेटिया (घागरा), काचळी (चोळी), टुकरी (ओढणी) आणि त्यांवर टाचलेले लहान लहान आरसे. या भरतकामाविषयी बोलताना रंगांचे कौतुक फार होते. माझ्या मते ही मुळात प्रकाशाची कला आहे आणि तिची आजची अवस्थाही त्याच कसोटीवर जोखली पाहिजे.

आरशाला भोक नसते, म्हणून तो टिकलीसारखा ओवता येत नाही. आधी त्याच्यावरून उभेआडवे धागे ताणून चौकट करायची, मग कडेने टाके घालत ती चौकट बाहेर खेचायची. काच टिकते ती केवळ धाग्याच्या ताणावर. हा ताण यंत्रासारखा एकसारखा नसतो, त्यामुळे प्रत्येक आरसा किंचित निराळ्या कोनात बसतो. बाई चालू लागली की एक विझतो, शेजारचा पेटतो. आमेरच्या शीशमहालात भिंत जागेवर असते आणि दिवा फिरवावा लागतो. इथे सूर्य जागेवर आणि काच चालते. एवढी सूक्ष्म योजना करणारीला आपण कलावंत म्हणत नाही, याचे मला वाईट वाटते.

काचही तशीच हवी. गुजरातेत कपडवंजला काचेचा मोठा पातळ गोळा फुंकून, आतून चकाकीचा लेप देऊन, मग तो फोडून आरशाचे तुकडे कापत. असा तुकडा जरासा फुगीर असतो, प्रकाश पसरवतो. आता बाजारात यंत्राने कापलेले सपाट आरसे, प्लास्टिकच्या कड्यात बसवलेले, कधी नुसते गोंदाने डकवलेले. ते सगळे एकदम चमकतात आणि एकदम मंदावतात. पेहराव स्वस्त झाला, हलका झाला. त्यातला जीव गेला. तरुण मुली साडी-ड्रेस घालतात, त्यांना मात्र दोष देऊ नये. मजुरीच्या कामात तो जड फेटिया कसा सांभाळायचा?

कर्नाटकात संडूरच्या लंबाणी, म्हणजे तिथल्या बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि बायांना कामाची मजुरीही मिळते. ही मोठीच गोष्ट. पण विकायच्या उशीच्या अभ्ऱ्यावरचा आरसा अंगावरच्यासारखा चालत नाही, आणि कलेचा अर्धा प्राण चालण्यातच आहे.

5 ऑक्टोबर 2024 रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समाजाचा मान वाढला. तरी कोणत्याही संग्रहालयात कपडा स्थिर दिव्याखाली उभा असतो. त्याच्या जोडीला उघड्या अंगणात, उन्हात, जुन्या हातांनी मुलींना टाका शिकवावा आणि त्या शिकवण्याचे मानधन मिळावे, एवढे शासनाने करावे. आणि आपण यात्रेला जाल तेव्हा हाताने टाचलेलेच काम मागा, बाई सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या.